लक्ष्मीबाई टिळक : सेवेचा जमाखर्च

(भिवंडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



आजचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी पाहिले. यंत्रमागांच्या या गावात मजुरी, विजेचे बिल आणि सुताचा भाव हे प्रश्न असताना एका ख्रिस्ती कवीच्या पत्नीवर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शिवाय आपण धर्मचिकित्सा करणारी माणसे. श्रद्धाळू स्त्रीची आठवण काढायची ती प्रार्थनामंदिरात, असे आपण मनाशी धरून चालतो. माझे म्हणणे असे की, लक्ष्मीबाईंचे चरित्र इतर कोणाहीपेक्षा आपल्यालाच अधिक अडचणीत टाकणारे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे असे वेड की, बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही. त्या वेडापायी घरच्या बायकामुलांचे जे हाल झाले, ते ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहेत, वाचणाऱ्याला मात्र हसता हसता गप्प व्हावे लागते. अकरा-बारा वर्षांच्या वयात त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. (टिळकांचे प्राथमिक शिक्षण इथून जवळच्या कल्याणात झाले, म्हणजे एका अर्थी ते आपल्या शेजारचेच.) लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिलीच नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरात.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला कळले ते सर्व होऊन गेल्यावर. पदरात लहानगा दत्तू, भोवती नातलगांचा आक्रोश, आणि ज्याच्या आधारावर संसार उभा तो माणूस एका दिवसात परधर्मीय झालेला. टिळकांची सत्यनिष्ठा मी नाकारीत नाही. त्यांनी मोठी किंमत मोजली. परंतु त्या किमतीचा फार मोठा हिस्सा अशा व्यक्तीकडून वसूल झाला, जिला कोणी काही विचारलेच नव्हते. हे वाक्य टिळकांना उद्देशून जितके खरे आहे, तितकेच या खोलीत बसलेल्या आपणा पुरुषांना उद्देशून खरे आहे. सत्याग्रहाला निघताना, नोकरीवर लाथ मारताना, पूर्णवेळ कार्यकर्ता होताना आपल्यापैकी कितीजणांनी घरात आधी विचारले? मी विचारले नव्हते. माझ्या पहिल्या अटकेनंतर महिनाभर घर कसे चालले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आणि तेही पत्नीने सांगितले नाही, शेजारणीने सांगितले.

यापुढची हकीगत सामान्यतः चुकीची सांगितली जाते. नवऱ्याने धर्म बदलला, पतिव्रता पत्नीने पाठोपाठ बदलला, असा तिचा सोपा सारांश करतात. तो खरा नाही. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे हिंदूच राहिल्या. त्यांनी नवऱ्याला टाकले नाही, आणि केवळ तो गेला म्हणून त्याच्या मागेही गेल्या नाहीत. काही काळ नातलगांकडे पंढरपुरात काढला. नंतर त्या वेळच्या अहमदनगरला आल्या, तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. त्या जिल्ह्यात राहत असतानाच त्यांच्या मनाने एक दिवस असा हिशेब मांडला की, देवाने माणूस केला आणि जाती माणसाने केल्या. तर मग माणसाने केलेली गोष्ट माणसाला मोडता का येऊ नये? त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, सन 1900 मधला. जात आधी गेली, धर्म मागाहून बदलला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या मुलीच्या डोळ्यांदेखत बाजारची प्रत्येक वस्तू धुतली जात होती, तिने जात सोडली ती कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, स्वतःच्या विचाराने, आणि सोडली ती पाण्याच्या भांड्यापाशी.

भिवंडीत हे सांगावे लागते. 1970 आणि 1984 साली या गावाने जे पाहिले, त्याची उजळणी मी करीत नाही. इथल्या जुन्या माणसांना ती नको आहे. परंतु एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर काम करणारी दोन माणसे एकमेकांच्या घरी जेवतात का, हा प्रश्न शांततेच्या दिवसांत विचारण्याचा आहे. ठरावात आपण सारे एक असतो. खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते.

आता सेवेविषयी. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा. पोरकी मुले, विद्यार्थी, पाहुणे यांनी घर सदैव भरलेले. ताराला त्यांनी पोटच्या मुलीसारखे वाढवले. बालकवी ठोमरे या घरात मुलासारखे वावरले, आणि हिंदूच राहिले. त्यांच्यावरची लक्ष्मीबाईंची माया धर्म विचारून केलेली नव्हती. 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. कल्पना उदात्त, यात शंका नाही. पण पगार थांबल्यावर भाकरीची चिंता कोणी वाहिली? औदार्य टिळकांच्या नावावर जमा आणि खर्च लक्ष्मीबाईंच्या डब्यातून, असा तो हिशेब आहे. तरीही त्या रडगाणे गात नाहीत. नवऱ्याच्या लहरींची, रागाची, न सांगता घराबाहेर पडण्याची त्या थट्टा करतात, आणि त्या थट्टेत इतके प्रेम आहे की टीका बोचत नाही. लागते मात्र बरोबर.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात काम केले, आणि टिळकांनी आरंभ करून ठेवलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचा बहुतांश भाग लिहून काढला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने! ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले. मराठी गद्याच्या अभ्यासकांना या पुस्तकाला वळसा घालून जाता येत नाही. 2017 साली शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या तरुण साथींचीही सबब उरलेली नाही.

या पुस्तकावर आपल्या वर्गात चर्चा ठेवावी, अशी माझी पहिली सूचना आहे. दुसरी सूचना किरकोळ वाटेल. या गावातल्या कितीतरी घरांत बायका बसल्या जागी कांड्या भरतात, मुले सांभाळतात, आणि आपल्या सभेला येणाऱ्या पुरुषांचे जेवण झाकून ठेवतात. आपली बैठक रात्री नऊला सुरू होते. त्या वेळी त्यांच्यापैकी एकीलाही येता येत नाही. आजही समोर तिघीच आहेत आणि त्यांतल्या दोघी मघापासून चहाच्या मागे आहेत. पुढची बैठक दुपारी तीनला ठेवावी, आणि चहा आपण पुरुषांनी करावा. ही सूचना टिपणात लिहून घ्यावी, अशी चिटणीसांना विनंती आहे.