पडदा आणि कागद

संगणकाच्या पडद्यावर परीक्षेचे प्रवेशपत्र अगदी नीटनेटके दिसते. छापून हाती घ्यावे, तो उजवीकडचा मजकूर कापलेला, छायाचित्राची जागा कोरी आणि शेवटची एकच ओळ दुसऱ्या कागदावर जाऊन बसलेली! परीक्षा तर उद्यावर आलेली असते. अशा वेळी मनुष्य प्रिंटरवर रागावतो. वास्तविक तो बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो.

या घोटाळ्याचे मूळ पडदा व कागद यांच्या स्वभावभेदात आहे. पडद्यावरचे पान हवे तितके लांबत जाते. कागद मात्र मोजका. ए-फोर म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब. त्या अखंड पानाचे तुकडे पाडून ते या चौकटीत बसविण्याचे काम ब्राउझरला करावे लागते. पडद्यासाठी एक व कागदासाठी दुसरी मांडणी सांगण्याची सोय सीएसएस या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने १९९८ साली करून दिली. परंतु पान रचणाराने तिचा उपयोगच केला नाही, तर ब्राउझरने करावे काय?

म्हणून शाई खर्ची पडण्यापूर्वी प्रिंट प्रिव्ह्यू पाहावा. दोष तेथेच दिसला, तर तो पानाचा किंवा निवडलेल्या मापांचा. प्रिव्ह्यू शुद्ध असून कागद बिघडला, तरच प्रिंटरकडे वळावे. कडा कापल्या जात असतील, तर कागदाचे माप ‘लेटर’ऐवजी ए-फोर आहे ना, हे पाहून छपाईचे प्रमाण थोडे कमी करावे. शाई वाचावी म्हणून ब्राउझर बहुधा पार्श्वभूमीचे रंग गाळतो. ते हवे असल्यास ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण करावी. चित्रे उमटत नसतील, तर पान आधी शेवटपर्यंत खाली सरकवावे, कारण कित्येक चित्रे नजरेच्या टप्प्यात आल्यावरच उतरतात. सारे जुळले की पीडीएफ करून ठेवावी. मग मांडणी सहसा बदलत नाही.

जाता जाता पाने रचणारांनाही एक विनंती. आपला अर्ज एकदा स्वतः कागदावर छापून पाहावा. ज्याच्या घरी प्रिंटर नाही, तो दुकानात जाऊन प्रत्येक पानाचे पैसे मोजत असतो, आणि वाया गेलेल्या पानाचेही पैसे त्यालाच द्यावे लागतात.