निष्कर्ष शेवटी



प्रत्येकानं आपल्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी कळवलं तेव्हा मी जरा घाबरलोच. कारण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मी हरणांच्या शिकारीला जातो. काहींच्या कपाळावरच्या आठ्या इथूनही दिसताहेत! आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. तिकडची गोष्ट वेगळी. शेतीच्या भागात लांडगे जवळजवळ उरले नाहीत, पांढऱ्या शेपटीची हरणं मात्र उदंड. ती जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात, रस्त्यावर गाड्यांपुढे येतात. म्हणून सरकारच परवाने देतं. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, फक्त नऊ दिवसांचा.

पण मला सांगायचं आहे ते हंगामाआधीच्या पाहणीबद्दल, आणि त्याचा आपल्या शाळेशी थेट संबंध आहे.

पहिल्या वर्षी शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याच्या चाळीस एकर रानात मला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये मी वही घेऊन फिरू लागलो. पांढऱ्या ओकची फळं तांबड्या ओकपेक्षा कमी कडू, म्हणून हरणं आधी त्यांच्याखाली येतात. नर शिंगं घासतो तिथं झाडाची साल सोललेली दिसते. खाली वाकलेल्या फांदीखाली तो खुरांनी जमीन उकरतो. ठसे, लेंड्या, झुडपांत बसायच्या जागा, सगळं टिपून घेतलं. वारा कुठून येतो तेही पाहिलं, कारण माणसाचा वास आला की हरीण त्या वाटेला फिरकत नाही. एका ओढ्याकाठी या सगळ्या खुणा एकत्र सापडल्या. मी वहीत लिहिलं, ‘हीच जागा.’

म्हाताऱ्यानं वही चाळली आणि म्हणाला, ‘हरीण कुठं उभं राहील ते कळलं. त्याच्या मागे काय आहे?’

मी पाहिलंच नव्हतं. ओढा ओलांडून, दाट झुडपांतून दोनशे पावलं गेलो. पुढे एका घराचं मागचं अंगण होतं. त्यात मुलांचा झोपाळा.

रायफलची गोळी मैलाच्याही पुढे जाऊ शकते. मी बराच वेळ तिथं नुसता उभा होतो.

तेव्हा आठवली आपली नववीची प्रयोगवही. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. आपण काय करायचो? आदल्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून निष्कर्ष आधी उतरवायचो आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरायचो. सर, माझ्या त्या पानावर तुम्ही लाल शाईनं आडवी रेघ मारली होती आणि पुन्हा प्रयोग करायला लावला होता. मी तेव्हा मनातून चिडलो होतो. परवाना काढण्याआधी मी तिकडचं सुरक्षिततेचं शिक्षणही घेतलं होतं. ‘लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहा’ हा नियम मला तोंडपाठ होता. तरीही ओढ्याकाठी मी नववीतलाच राहिलो. जागा आवडली आणि पाहणं थांबवलं.

मग मी बसायची जागा बदलली. टेकडीवर, अशा ठिकाणी की गोळी चुकली तरी समोरच्या उतारावरच्या मातीत जाईल. तिथं खुणा कमी होत्या, वाराही सोयीचा नव्हता.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी, उजाडता उजाडता, मोठ्या शिंगांचा एक नर आला. बरोबर ओढ्याकाठी, माझ्या वहीत लिहिलं होतं तिथंच. टेकडीवरून तो स्वच्छ दिसत होता. झोपाळ्यावर कोणी आहे की नाही, ते मात्र झाडीमुळे दिसत नव्हतं. मी बंदूक उचलली नाही. त्या वर्षी नऊही दिवस रिकाम्या हातानं परतलो.

आता दरवर्षी पाहणीला जातो तेव्हा वहीत तीन रकाने आखतो. तिसरा शेवटपर्यंत कोरा ठेवतो. सर, ती लाल रेघ उशिरा का होईना, पण उपयोगी पडली.