राणी शोधू नका, अंडी शोधा

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच : पेटी उघडली, पण राणी माशी सापडतच नाही, काय करू? माझं उत्तर सोपं आहे. शोधूच नका.

हे मला चांगलं महाग पडून कळलंय. टिटवाळ्याला मामाची वाडी आहे, तिथे माझी सातेरी माश्यांची पेटी होती. दर रविवारी डोंबिवलीहून लोकल पकडायची, पेटी उघडायची आणि एकेक चौकट उलटसुलट करून राणी शोधायची. पाऊण पाऊण तास! गेल्या वर्षी ऐन श्रावणात, आधीच पावसामुळे फुलं कमी, खायला नाही, त्यात माझा हा छळ. एका रविवारी जाऊन बघतो तर पेटी रिकामी. मेणाची पोळी तशीच, माशी एकही नाही. सातेरीचा स्वभावच तो. उपासमार झाली, मुंग्या लागल्या, कुणी सारखं छेडलं, की अख्खी वसाहत घर सोडून उडून जाते. मामा एवढंच म्हणाला, "तूच उठवलंस त्यांना."

म्हणून यंदा नवी पेटी घेतली तेव्हा पद्धत बदलली.

पाऊस नसलेली, उन्हाची सकाळ निवडायची. पहिली पाच मिनिटं पेटीला हातच लावायचा नाही, दाराच्या बाजूला बसून राहायचं. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या-केशरी परागाच्या गोळ्या दिसतायत का? पराग म्हणजे पिल्लांचं खाणं. तो येतोय म्हणजे बहुतेक आत पिल्लं आहेत. मग पेटी मागून जराशी उचलून बघायची. हाताला वजन लागलं तर मधाचा साठा आहे. हलकी लागली तर साखरेचा पाक द्यायची वेळ झाली.

मग नारळाच्या काथ्याच्या धुराचे दोन झोत, तेवढेच. जास्त धूर केला की सातेरी सैरावैरा पळते. आधी कडेची चौकट काढायची, म्हणजे मधल्या चौकटी न घासता वर येतात. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडू द्यायचं. तिथे पांढरं, बारीक, उभं काहीतरी दिसेल, तांदळाच्या कणीहूनही बारीक. ते अंडं. अंड्यातून अळी बाहेर यायला साधारण तीन दिवस लागतात. म्हणजे अंडं दिसलं तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती. तुम्हाला एवढंच तर जाणून घ्यायचं होतं! चौकट परत ठेवा, पेटी बंद करा.

पण एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली तर सावध व्हा. राणी गेली की काही दिवसांनी कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, आणि त्यातून फक्त नर निघतात. सातेरीच्या नरांची घरं ओळखायला सोपी, मेणाच्या टोपीला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं.

(यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण मला व्हरोआ किडीबद्दल विचारतात. ती माशी वेगळी, इटालियन. व्हरोआ मुळात आपल्याच माशीवरची कीड, सातेरीला तिच्यासोबत जगता येतं. आणि घोडबंदरच्या टॉवरला लटकतं ते आग्या मोहोळ. त्याच्या वाटेला जाऊ नका.)

आता माझी पेटी. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये उघडली. टोपी घातलेला पिलावा होता, पण अंडी नाहीत, कोवळ्या अळ्याही नाहीत. म्हणजे निदान आठवडाभर राणीने अंडीच घातली नव्हती. मागच्या वेळी चौकट बसवताना मीच तिला चिरडलं की काय, ही शंका अजून जात नाही.

उपाय एकच. बदलापूरला एका मित्राकडे पेट्या आहेत, त्याच्याकडून अंड्यांची एक चौकट मागितली. आणण्याआधी तिच्यातल्या मोठ्या अळ्या नीट बघितल्या. कारण थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आहे. त्यात अळी टोपीखाली सरळ ताठ होऊन मरते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याच्या पिशवीसारखी निघते. त्यावर औषध नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. मित्राच्या अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या आणि वळलेल्या होत्या, निरोगी. माश्या झटकल्या, चौकट ओलसर फडक्यात गुंडाळली आणि कल्याणला गाडी बदलून टिटवाळा गाठलं. डब्यात एका काकूंनी विचारलं, "काय आहे हो त्यात?" मी म्हटलं, अंडी. "कोंबडीची?" मी मान हलवली. खोटं बोललो.

पेटीत खरंच राणी नसेल, तर कामकरी माश्या त्या अंड्यांतल्या कोवळ्या अळ्यांपैकी काहींची राणी करायला घेतात. चौथ्या दिवशी फक्त तीच चौकट वर काढली. पोळ्याच्या मधोमध दोन घरं खाली ओढलेली, भुईमुगाच्या शेंगेसारखी. राणी नव्हतीच, यात आता शंका उरली नाही. चौकट तशीच हळूच आत सोडली.

नवी राणी बाहेर पडणार, उडून नरांशी मीलन करून परत येणार, मग अंडी घालणार. याला जवळजवळ महिना जातो. वाटेत एखादा पक्षी तिला टिपूही शकतो. तोवर पेटी उघडायची नाही. हात शिवशिवतात, खरं सांगतो. मामाला सांगून ठेवलंय, रोज सकाळी चहा घेऊन दारापाशी बस आणि पायावर पराग दिसतोय का ते फोन करून सांग. काल त्याचा फोन आला, "चार माश्या पिवळं घेऊन आल्या." मी विचारलं, चारच? तो म्हणाला, "चहा संपला."