परदेशातील वाढदिवस आणि घरचे औक्षण

(मेहरूण, जळगाव येथील कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



ज्यांचा नातू न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढतो आहे, अशी घरे आज मेहरूणमध्येही आहेत. त्याचा वाढदिवस जवळ आला की येथील आजी-आजोबांच्या मनात प्रश्न उभा राहतो : हे मूल आपले राहील काय?

केक कापला, मेणबत्त्या विझवल्या म्हणून संस्कृती बुडाली, असे मी म्हणणार नाही. ज्या समाजात आपण राहतो, त्याच्या आनंदात सहभागी होणे हे सौजन्यच आहे. चिंतेची बाब निराळी आहे. सकाळी घाईघाईने औक्षण उरकायचे आणि सायंकाळी पाहुणे येण्यापूर्वी पाट, ताम्हण, निरांजन आत ठेवून द्यायचे! मुलाला कोणी काही सांगत नाही. तरीही तो शिकतो की, आपले ते झाकायचे आणि दुसऱ्यांचे ते मिरवायचे.

म्हणून औक्षण पाहुण्यांसमक्षच व्हावे. मुलाला पाटावर बसवून कुंकू लावावे, अक्षता टाकाव्यात, सुपारी व अंगठी उतरवून निरांजनाने ओवाळावे. कोणी विचारले तर मुलानेच सांगावे, ‘माझे आयुष्य वाढावे म्हणून आई दिवा ओवाळते.’ एवढे सांगता आले, तरी तो मान ताठ ठेवून उभा राहील.

आपल्या मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बालकाला बोरन्हाण घालतात. डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात आणि जमलेली मुले ते वेचतात. ही आपली बालमेजवानीच आहे. येथे पाहुणा बालक खिसे भरून घरी जातो. वाढदिवस म्हणजे केवळ भेटी घेण्याचा नव्हे, तर देण्याचाही दिवस, हा संस्कार याच वाटेने रुजवता येईल.

वेळेचाही विचार करावा. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सायंकाळचे सहा वाजतात, तेव्हा येथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. तोच समारंभ शनिवारी सकाळी दहाला ठेवला, तर मेहरूणमध्ये सायंकाळचे साडेसात वाजतात. मग पडद्यावरून का होईना, आजी-आजोबांचा आशीर्वाद सर्वांसमक्ष मिळतो.

१९४६ साली मोंबासाकडे निघालेल्या बोटीवर जगदीशचंद्र शारदा व माणेकलाल रुघाणी या दोन स्वयंसेवकांची भेट झाली. परक्या भूमीवर पाऊल ठेवण्याआधीच त्यांनी संघाची प्रार्थना म्हटली. १९४७ साली नैरोबीत शाखा उभी राहिली. आरंभाला दोघे पुरले. घरात तर आई, वडील आणि मूल असे तिघे असतात.

तेव्हा आजी-आजोबांनो, पुढच्या वाढदिवशी केकवरून सुनेला बोल लावू नका. ‘औक्षणाला आम्हीही बसतो, किती वाजता यायचे?’ एवढेच विचारा. निरांजन आपोआप बाहेरच्या खोलीत येईल.