मांजराचं दार, कडीसकट

सोयाबीन घरी यायचे दिवस जवळ आले, की वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात तीन गोष्टींची चर्चा सुरू होते. कट्टे कुठे रचायचे, बियाण्याचं वेगळं कुठे ठेवायचं आणि उंदरांचा बंदोबस्त कसा करायचा. रिसोड-मालेगाव घ्या, मंगरूळपीर-मानोरा घ्या, नाहीतर कारंजा घ्या. या तिसऱ्या प्रश्नाला आपल्या वाडवडिलांचं उत्तर ठरलेलं होतं. घरात मांजर हवं. मला आज बोलायचं आहे ते त्या मांजराच्या येण्याजाण्याच्या वाटेबद्दल. माझं म्हणणं एवढंच, की मांजराला घरात स्वतःचं दार द्या, आणि त्या दाराला कडी लावा.

आपली जुनी घरं आठवा. धाब्याची घरं, मातीच्या जाड भिंती, स्वयंपाकघरात वर झरोका, खाली मोरी, गोठ्याला कूड. मांजराला कुणी दार उघडून द्यावं लागत नव्हतं. ते धाब्यावरून उतरायचं, मोरीतून शिरायचं, कुडाच्या फटीतून निघून जायचं. रात्रभर ढोली आणि कणग्यांभोवती त्याची फेरी असायची. मग घरं बदलली. स्लॅब पडला, लोखंडी दारं आली, खिडक्यांना जाळ्या बसल्या, मोरीच्या तोंडाला झाकण आलं. हे सगळं चांगलंच झालं. पण त्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. घरातल्या लहान उंदराला आत शिरायला जेमतेम सहा मिलिमीटरची फट पुरते. दाराखाली तेवढी फट असतेच, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये असते, वायर जिथून आत येते तिथे असते. नव्या घरात उंदराची वाट राहिली आणि मांजराची तेवढी बंद झाली.

आता उंदीर किती नुकसान करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो खातो थोडं आणि नासतो जास्त. कट्टा खालून कुरतडतो, दाणे सांडतात, त्यावर लेंड्या आणि मूत. घरच्या सोयाबीनच्या बियाण्याचं तर विशेष जपावं लागतं. त्याची साल पातळ असते. फुटलेला कट्टा उचलताना दाणा आपटला, पायाखाली आला, तरी उगवणशक्ती कमी होते. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं देते. म्हणजे दसऱ्याला घरात शिरलेली एक जोडी संक्रांतीपर्यंत केवढी होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो, तो वेगळाच.

माणूस आणि मांजर यांची सोबत जुळली तीच मुळी धान्यामुळे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यापाठी उंदीर आले आणि उंदरांपाठी रानमांजरं गावाजवळ आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. सायप्रसमध्ये मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीतून ते तिथे नेलेलं. कणगीशेजारचं मांजर ही इतकी जुनी रीत आहे.

आपल्या वऱ्हाडाचाही यात एक अध्याय आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो गावोगाव फिरत राहिला. गावात उंदीर मरून पडू लागले, की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. त्या काळात अमरावतीला अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. मांजरं पाळणाऱ्या घरांना आणि गावांना प्लेगची झळ कमी बसते, असं त्यांचं निरीक्षण होतं. 1908 साली त्यांनी ते ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तेव्हा वाशीम, म्हणजे इंग्रजांच्या कागदपत्रांतलं बासिम, वऱ्हाडातच होतं. 1905 पर्यंत तो वेगळा जिल्हा होता, नंतर अकोल्यात गेला, आणि 1 जुलै 1998 ला आपला वाशीम जिल्हा पुन्हा उभा राहिला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत दाखवून दिलं होतं. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, त्यामुळे मांजर हे काही प्लेगवरचं औषध नव्हे. पण ज्या घरात उंदीर टिकत नाही, ते घर जास्त निरोगी राहतं, ही ब्यूकॅनन यांच्या म्हणण्यातली मूळ गोष्ट आजही खरी आहे.

आता दाराकडे येऊ. मांजरासाठी दारात भोक पाडायची कल्पना न्यूटनची, अशी एक गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. मोठ्या मांजरासाठी मोठं भोक आणि पिल्लांसाठी लहान, असं त्याने केलं म्हणतात. ती दंतकथा आहे. न्यूटनच्या जन्माच्या अडीचशे वर्षं आधी चॉसर या इंग्रज कवीने दारातल्या मांजराच्या भोकाचा उल्लेख केलेला आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये तर हिशेबवह्यांत मांजराच्या नावाने दर तिमाहीला पैसे मांडलेले आहेत. 1305 पासून पुढे दीडशेहून जास्त वर्षं. तिथल्या मोठ्या घड्याळाजवळच्या दाराला 1598 साली सुताराकडून गोल भोक पाडून घेतलं. ते आजही बघायला मिळतं. मांजर उंदीर मारण्याचं काम करतं, तर त्याला पोटापुरतं द्यायचं आणि कामावर जायला वाट द्यायची, हा त्यामागचा साधा व्यवहार होता.

पण उघडं भोक आपल्याकडे चालायचं नाही. कारण साप. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, बेडूक आणि उंदरांच्या मागे साप घराकडे येतात. त्यातला मण्यार रात्रीचा फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या चाव्याने फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून चावा कळतही नाही, आणि उपचाराला उशीर होतो. असा नुसता संशय आला, तरी मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठा. तर मांजर येईल म्हणून मागचं दार रात्री किलकिलं ठेवायची सवय अनेक घरांत आहे, ती आजपासून सोडा. त्या फटीतून मांजर येतं, तसा मण्यार येतो, भटकं कुत्रं येतं आणि शेजारचा बोकाही येतो.

यावर उपाय म्हणजे झडपेचं दार. परदेशात त्याला कॅट फ्लॅप म्हणतात. आता ते ऑनलाइन मागवताही येतं. प्लास्टिकची चौकट, मध्ये वर टांगलेली पारदर्शक झडप, खाली लोहचुंबक. मांजर डोकं लावतं, झडप उचलली जाते, मांजर आत येतं आणि झडप आपोआप मिटून चुंबकाला चिकटते. चांगल्या झडपेला चार सोयी असतात: आत-बाहेर दोन्हीकडून उघडी, फक्त आत येता येईल अशी, फक्त बाहेर जाता येईल अशी, आणि पूर्ण बंद. इंग्लंडमध्ये पाळीव मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवणं जून 2024 पासून सक्तीचं आहे. तिकडच्या काही झडपा तो चिपचा नंबर ओळखूनच उघडतात. परकं मांजर बाहेरच राहतं.

आपल्याला एवढं लागत नाही. गावातला सुतार अर्ध्या दिवसात झडप करून देतो. आमच्याकडे मागच्या लाकडी दाराला ती केली, त्याची पद्धत सांगते. आधी मांजराचं माप घ्या. मांजर उभं असताना त्याचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, ते बघा. भोकाची खालची कड साधारण त्याच उंचीला हवी, म्हणजे चार-पाच इंचांवर. मांजराला घासत सरपटावं लागत नाही, आणि पावसाचं पाणीही आत येत नाही. भोक सहा इंच रुंद आणि सात इंच उंच पुरे होतं. बोका दांडगा असेल, तर इंचभर जास्त. हे माप पुठ्ठ्यावर कापून साचा करा. पुठ्ठ्याच्या भोकातून मांजर आरामात जातं, हे बघितल्याशिवाय दाराला करवत लावू द्यायची नाही. साचा दारावर धरून पेन्सिलीने आखायचं, चारही कोपऱ्यांत गिरमिटाने भोकं पाडायची, मग करवतीने कापायचं. कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत करा, की तळहात फिरवला तरी कुसळ लागू नये. झडपेसाठी जाड ॲक्रिलिकचा तुकडा, वर दोन हलक्या बिजागऱ्या, तिन्ही कडांना जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी. खाली मध्यावर छोटं चुंबक आणि झडपेला पत्र्याचा तुकडा. आणि आतल्या बाजूने कडी. कडी विसरायची नाही. सगळ्या कामाचा जीव त्या कडीत आहे.

दार लोखंडी असेल, तर वेल्डरकडून कापून घ्या आणि कडांवर रबर चढवाच, नाहीतर कापलेला पत्रा मांजराचं अंग फाडेल. दाराला हात लावायचा नसेल, तर खिडकीच्या जाळीच्या चौकटीत खालचा एक कप्पा झडपेचा करता येतो. जागा निवडताना एकच बघा, की झडपेतून हात घालून चोराला दाराची मुख्य कडी काढता येऊ नये.

झडप बसली, की मांजराला उचलून त्यातून ढकलू नका. एकदा घाबरलं, की ते त्या दाराकडे फिरकणार नाही. पहिले काही दिवस झडप सुतळीने वर बांधून ठेवा आणि पलीकडे खाऊ ठेवा. मग सुतळी थोडी सैल करा, झडप अर्धी खाली येऊ द्या. मांजर आधी नाक लावतं, मिशा मागे घेतं, एक पंजा टेकवून बघतं, थांबतं, आणि मग एकदम अंग आत सोडतं. झडपेचा आवाज पाठीमागे आला, की पहिल्यांदा दचकतं. दोन-चारदा झालं, की मागे वळूनही बघत नाही. आईचं बघून पिल्लं आपोआप शिकतात.

आता काळजीच्या चार गोष्टी.

पहिली. दिवे लागले, की मांजराला घरात घ्या आणि कडी लावा. उंदीर रात्रीच निघतो, तेव्हा मांजर धान्याजवळ असणंच आपल्या कामाचं आहे. बाहेर राहिलेलं मांजर गाडीखाली येतं, भांडणात फाटून येतं, आणि झाडावरची पाखरं मारतं. आपल्याकडे कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. तिथल्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात. तशा माळाला लागून ज्यांची वावरं आणि घरं आहेत, त्यांनी तर हा नियम पाळलाच पाहिजे.

दुसरी. मांजर आणि विष एका घरात ठेवायचं नाही. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजराच्या जिवावर बेततं. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा वायू तर माणसालाही मारतो. जिथे त्या गोळ्या आहेत, तिथे मांजर नको, लेकरं नकोत आणि कुणी झोपायचंही नाही. ती खोली राहत्या घरापासून वेगळीच हवी.

तिसरी. मांजराला रेबीजची लस द्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं, की पहिली, आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी. मांजराने चावलं किंवा बोचकारलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तेल काही भरू नका.

चौथी. नसबंदी. झडप लागलेल्या घरात मांजर मनाप्रमाणे बाहेर जातं, आणि वर्षात दोनदा पिल्लं घेऊन येतं. ती पिल्लं पोत्यात घालून बाजारच्या गावी नेऊन सोडायची, हे पाप आपल्याकडे सर्रास होतं. त्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि मांजराची नसबंदी करून घ्या. नसबंदी केली की मांजर उंदीर मारत नाही, हा समज खोटा आहे.

आणि एक विनंती. उंदीर धरावेत म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. भुकेलं मांजर शेजारच्या चुलीकडे जातं. पोट भरलेलं मांजरसुद्धा शिकार करतं, तो त्याचा स्वभावच आहे. सकाळ-संध्याकाळ वाटीभर खाणं आणि स्वच्छ पाणी, एवढी त्याची मजुरी आपल्याकडे लागते.

बायाबापड्यांनो, शेतकरी दादांनो, आपण घर बांधताना ट्रॅक्टरला फाटक ठेवतो, देवाला देव्हारा करतो, गुरांना गोठा बांधतो. जे मुकं जनावर रात्रभर आपल्या कट्ट्यांची राखण करतं, त्याच्यासाठी सहा इंच रुंद आणि सात इंच उंच जागा सोडणं जड नाही. सोयाबीन काढणीला लागलं, की सुतार कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून याच आठवड्यात त्याला बोलवा, माप दाखवा, आणि कडी बसवून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.