मागेल त्याला काम

दुष्काळ पडला की सरकारने कामे काढावीत, ही रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी राजवटीत जी नियमावली सिद्ध झाली, तिच्यात रस्ते, तलाव व खडी फोडण्याची कामे होतीच. परंतु त्या कामांची किल्ली अधिकाऱ्याच्या हाती असे. पिकाची आणेवारी ठरावयाची, टंचाई जाहीर व्हावयाची, मग काम निघावयाचे. तोवर मजुराची गुरे विकली जात, भांडी गहाण पडत.

महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हा क्रम उलटविला. काम निघावे ते मजुराच्या मागणीवरून, सरकारच्या जाहीरनाम्यावरून नव्हे, आणि ते चांगल्या वर्षीही मिळावे, हा त्यांचा आग्रह. तासगाव तालुक्यातील प्रयोगातून उभी राहिलेली ही योजना वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये स्वीकारली, आणि तोच भीषण दुष्काळ कोसळला. बाल्यावस्थेतील योजना बाजूला ठेवून दुष्काळी कामांवरच भिस्त ठेवावी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सुकडी खाऊन पाझर तलाव खणणारी ती पिढी गावोगाव अजूनही भेटते.

दुष्काळ सरला, योजना मात्र विस्मृतीत गेली नाही. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. कायद्याच्या या कलमाची वाखाणणी पुष्कळ झाली. भत्ता मात्र क्वचितच कुणाच्या पदरात पडला.

योजनेची खरी ताकद तिच्या तिजोरीत होती. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून दरमहा होणारी ती किरकोळ कपात रोजगार हमीसाठी राखून ठेवावयाची आणि तितकीच भर शासनाने घालावयाची, असे ठरले. सुकाळातही पैसा जमत राहिला. आपत्ती दाराशी आल्यावर वर्गणीची पेटी फिरविणे आणि आधीच निधी बांधून ठेवणे यांत केवढे अंतर आहे! कामांचेही तसेच. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते यांचे मंजूर आराखडे तालुक्याच्या कचेरीत तयार असावेत, अशी अपेक्षा होती. जेथे ते नसत, तेथे मजूर तहसिलीच्या ओट्यावर ताटकळत.

पुढे हेच तत्त्व २००५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर नेले. २०२० मध्ये त्याची कसोटी लागली. करोनाच्या टाळेबंदीत प्रथम कामेच थांबली, कारण माणसे एकत्र येणे हाच धोका ठरला. दुष्काळासाठी घडविलेले साधन साथीपुढे काही काळ निरुपयोगी झाले. २० एप्रिलनंतर मुभा मिळाली, मे महिन्यात अंदाजपत्रकाच्या ६१,५०० कोटी रुपयांत ४०,००० कोटींची भर पडली, आणि त्या आर्थिक वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. आदल्या वर्षी ते २६५ कोटी होते. यंत्रणा, नोंदवह्या, जॉबकार्डे आधीपासून असल्यामुळेच हे साधले. नवी योजना त्या महिन्यांत कागदावरही उतरली नसती.

तथापि ज्याला खणता येत नाही, त्या वृद्धाला, अपंगाला वा बाळंतिणीला ही हमी काय कामाची? आणि शहरातून पायी निघालेल्या मजुराला तरी ती वाटेत कोठे भेटणार होती? त्याची शिधापत्रिका गावी होती, भूक रस्त्यावर. कोणत्याही राज्यात धान्य देणारी शिधापत्रिकेची व्यवस्था तेव्हा अर्धवटच होती. तीत सामील होणारे शेवटचे राज्य आसाम. ते आले २०२२ च्या जूनमध्ये.