श्लेष आणि करारनामा



श्लेषावर बोलायला यंत्रमाग कामगारांच्या युनियनचा माणूस बोलावला, यात चालकांनी थोडा विनोदच साधला आहे. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. अलंकारशास्त्र मी पुढे युनियनच्या कचेरीत रात्री बसून वाचले. श्लेष मात्र त्याच्या कितीतरी आधी ऐकला होता. आमच्या इचलकरंजीत विणकराची मजुरी मीटरला, पिकाच्या हिशेबाने ठरते. हे पीक म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांची मोजणी. कोरडवाहू रान सोडून आलेला एक विणकर सभेत म्हणे, "गावाकडं पीक पावसानं नेलं, हितं शेटजी नेत्यात." सभा हसे, आणि शेटजींच्या माणसाला रागवावे कशावर ते उमगत नसे.

शास्त्रकार याला अभंग श्लेष म्हणतात. शब्द मोडला नाही, अर्थ दोन झाले. मोडून दुसरा अर्थ निघाला, तर तो सभंग. (तुकोबांच्या अभंगाशी याचा संबंध नाही, मी प्रथम तोच लावून बसलो होतो.) यमक निराळे. तेथे तीच अक्षरे पुन्हा येतात आणि अर्थ पालटतो. मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्या त्यासाठी प्रसिद्धच आहे.

पण श्लेषाचा खरा पराक्रम पाहावा तो श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरिता'च्या १३ व्या सर्गात. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, यम आणि वरुण हे चौघेही नळाचे रूप घेऊन बसले आहेत. ओळख करून द्यायची सरस्वतीने. सोंग उघडे करावे तर देव कोपणार, आणि खोटे बोलावे तर ती वाग्देवता कसली? ती असे बोलते की वर्णन त्या देवालाही लागू पडावे आणि नळालाही. बलवंतांच्या तोंडावर खरे बोलण्याची ही रीत आमच्या विणकराला उपजतच येत होती.

मात्र दमयंती ते ऐकून गोंधळात पडते, हेही तेथेच आहे. जिला एकालाच माळ घालायची, तिने दोन अर्थ घेऊन काय करावे? द्रोणाचार्यांनी तर अश्वत्थामा या एका नावापायी, पुत्र की हत्ती हे न कळल्याने, शस्त्र खाली ठेवले.

असा एक श्लेष माझ्याही हातून झाला. एका कारखान्याशी झालेल्या कराराचा मसुदा माझा होता. त्यात मी लिहिले, "आजारी कामगाराची बदली करण्यात येईल." आमच्या बोलीत बदली म्हणजे आजाऱ्याच्या जागी तात्पुरता लावलेला गडी, मूळ माणसाचा माग शाबूत. एक वयस्क विणकर विषमज्वरातून उठून कामावर आला, तेव्हा मालकाने तेच वाक्य वाचून दाखवले आणि त्याला दुसऱ्या गावच्या शेडवर जायला सांगितले. मालक खोटे बोलत नव्हता. व्याकरण त्याच्याही बाजूचे होते. महिनाभर त्या माणसाने सायकल रेटली, मग काम सोडले. मला इतकेच म्हणाला, "भाऊ, तुमचं अक्षर लई चांगलं."

सभेत मी अजूनही मनसोक्त श्लेष करतो. मसुदा मात्र टाइपाला देण्याआधी कचेरीच्या बाकावर जे कोणी बसलेले असतील त्यांना वाचून दाखवतो आणि विचारतो, यात काय लिहिले आहे? दोघांनी दोन उत्तरे दिली, की पुन्हा लिहायला बसतो.